एकसष्ट पूर्णांक चार

...टाचणीच्या डोक्याएवढाच, पण पिवळा. पडद्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे एरवी कुणाची नजर जाऊ नये तिथे बसलेला तो त्रिकोण, आणि त्याच्या पोटात एक उद्गारचिन्ह. माउसचा बाण त्याच्यावर नेला की तो बोलायचा – 'बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही.' बाण काढला की गप्प. सकाळपासून तिनं त्याला सात-आठ वेळा बोलतं केलं होतं आणि दर वेळी तो तेच बोलला होता. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले जे बारीक अक्षरांचे कागद असतात ते छापण्याआधी तपासायचे, ही तिची वीस वर्षांची नोकरी. दुसऱ्याच्या चुका काढण्याचाच पगार. या वाक्यात काना-मात्रेचीही चूक नव्हती. त्यामुळेच ते जास्त झोंबत होतं.

"अजून एकसष्टच?" बूट चढवता चढवता नवऱ्यानं विचारलं.

"एकसष्ट पूर्णांक चार."

"परवाही चारच होतं."

"मग विचारतोस कशाला?"

तो हसला, दार ओढून घेऊन गेला. त्याचं हसणंही तिला आज एका बाजूला झुकलेलं वाटलं – धाकटीच्या बाजूला. धाकटीचं काही अडत नाही. धाकटी म्हणजे तिची बहीण, पाच वर्षांनी लहान, जन्मापासून आईपाशी, आईच्या शिवणाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, आणि शेवटच्या वर्षी आईपाशी फोन धरून बसलेली. कापड बेतताना, मशीनवर पाय चालवताना, बोलत असलेली आई – अशी चव्वेचाळीस रेकॉर्डिंग्ज. आई जाऊन चौदा महिने झाले. रेकॉर्डिंग्ज मेलमध्ये मावणार नाहीत एवढी मोठी, म्हणून धाकटीनं हा प्रोग्रॅम सुचवला. याची रीत अशी, की माल कुठल्या एका कोठारात नसतो. ज्याच्याकडे आहे तो आपल्या कॉम्प्युटरवरून तुकडे देतो, ज्याला हवे तो घेतो, आणि घेता घेता पुढच्यालाही देत राहतो. "आणि ताई, तुकडे ओळीनं येत नाहीत हं, जसे मिळतील तसे," धाकटी म्हणाली होती. तिला काय, तिच्याकडे अख्खी आहे.

अख्खी आई. आणि इथे एकसष्ट पूर्णांक चार टक्के.

आणि तेही धाकटीकडून नाहीच. खरं म्हणजे हे कुसळ इथेच रुतलं होतं. कोण कुणाला देतंय याची यादी खाली दिसायची. तिच्या यादीत धाकटीचं नाव आलं की शेजारी 'जोडत आहे' असं उमटे, एक चकती फिरे, फिरून फिरून थांबे, मग 'जोडणी झाली नाही', मग पुन्हा चकती. जे काही आलं ते आलं काजवालीकडून. दुकानात तीस वर्षं काज करणारी, बटणं लावणारी, आईच्या स्टुलाजवळ फळीवर बसणारी काजवाली! तिनं आता स्वतःचं दुकान थाटलंय, तिथे कॉम्प्युटर ठेवलाय, त्यावर आई उतरवून घेतलीये – शंभर टक्के – आणि परवा संध्याकाळी, आपलं झालं म्हणून, बंद करून टाकलाय. म्हणजे आईचं बोलणं आधी काजवालीकडे जाणार आणि तिथून उरलंसुरलं मला. लहानपणीही तेच. दुकानात जाऊन उभी राहिले की आई म्हणायची, बाजूला हो, तिला उजेड लागतो.

तिला उजेड लागतो. मला काय लागत होतं ते कुणी विचारलं?

समोर एका खोकल्याच्या औषधाचा कागद पडला होता, दुपारपर्यंत द्यायचा. 'पुढीलपैकी काहीही आढळल्यास...' तिनं ती ओळ तीनदा वाचली. बाजूलाच दुसरा एक कागद होता, तिच्याच अक्षरातला, तो मात्र कुठल्याच ऑफिसला द्यायचा नव्हता. जेवढी आई आली होती तेवढी तिनं ऐकली होती, आणि सवयीनं उभ्या रेघा मारत गेली होती. धाकटी – चौतीस. काजवाली – एकोणीस. समोरचा किराणेवाला – सात. पंखा, जो खरखर करतो आणि ज्याला आई 'मेल्या' म्हणते – पाच. आणि थोरली... थोरलीपुढे एकच रेघ. तीही अर्धी म्हणायची. सत्तावीस नंबरच्या रेकॉर्डिंगमध्ये आई मशीनवर बसलेली, धाकटीबद्दल काहीतरी सांगतेय, हिला काय, कुठलंही कापड द्या, हिच्या हाताला कळतं, मशीन खडखडतंय, मग अचानक खडखड नाही, आणि आई मान वर करून म्हणते, "थोरलीला मात्र..." – आणि तिथे चेहऱ्याचे चौकोन होतात. हनुवटी कानाच्या जागी जाते, डोळे ताणले जातात, सगळं हिरवट होतं, आणि पुढच्या क्षणी आई एकदम कॉलरबद्दल बोलत असते. मधला तुकडा आलेलाच नाही.

थोरलीला मात्र. पुढे काय? जमलं नाही? कौतुक नव्हतं? यायला सवड नसायची? तीन दिवस ती हे वाक्य पुरं करत होती, भांडी घासताना, रस्ता ओलांडताना, आणि प्रत्येक वेळी ते तिच्याविरुद्धच पुरं होत होतं.

तिनं राउटर बंद केला, मनात साठ आकडे मोजले, चालू केला. दिवे एकेक करून लागले. त्रिकोण पिवळाच. वायर काढून घातली. प्रोग्रॅम काढून टाकून पुन्हा घातला तेव्हा एकसष्ट पूर्णांक चारचं क्षणभर शून्य झालं – मग 'तपासत आहे' म्हणत आकडा परत चढला आणि नेमका तिथेच येऊन ठेपला, हट्टी माणसासारखा. मग तिनं धाकटीला फोन लावला.

"तुझ्याकडेच काहीतरी बंद आहे," तिनं हॅलोच्या जागी म्हटलं.

"माझं बंदच आहे गं ताई. परवा सांगितलं ना? आमच्या अख्ख्या बिल्डिंगचं इंटरनेट एक आहे, ते मला उघडता येत नाही. दोघींपैकी एकीचं तरी उघडं लागतं. काजवालीचं होतं, म्हणून तिला मिळालं."

"काजवालीचं सगळंच बरं असतं."

"पेनड्राइव्ह पाठवू का कुरियरनं? दोन दिवसांत येईल."

"काजवालीला पाठवला होतास?"

"नाही, तिला तसंच जमलं..."

"मग मलाही जमेल."

"ताई, सुरुवातीला त्यानं काहीतरी विचारलं असेल बघ, परवानगी वगैरे. तू हो म्हटलं होतंस ना?"

"मला वाचता येतं," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

सत्तावीसमध्ये पुढे काय आहे, हे धाकटीला विचारता आलं असतं. तिनंच तर रेकॉर्ड केलं. फोन धरून समोर बसली होती, तिच्या कानांनी ते पुरं वाक्य ऐकलंय. पण विचारायचं म्हटलं की ती दुसराच विषय काढायची. आपल्या आईनं आपल्याबद्दल काय म्हटलं ते बहिणीच्या तोंडून... म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी हातून! काजवालीचा कॉम्प्युटर चालू झाला तर कुणाला काही विचारावं लागणार नाही. तिनं काजवालीला फोन केला. नंबर पाठ नव्हता, ही तेवढीच समाधानाची गोष्ट.

"अगोबाई, थोरल्या ताई! बोला."

"दुकान उघडलंय का?"

"आज कुठलं? नणंदेकडे आलेय, परवा येणार. का हो? आलं नाही का तुमचं?"

"येतंय. थोडं राहिलंय." मग राहवलं नाही. "तुम्हाला कसं जमलं हो? माझ्याकडे नुसतं अडतंय."

"मला काय जमायचंय! ते विचारत गेलं, मी हो म्हणत गेले. काय विचारतंय ते वाचत कोण बसतंय? बाईंना यायचंय तर येऊ दे म्हटलं." ती हसली, मग हसणं आवरून म्हणाली, "सत्तावीस नंबरचं बघितलंत?"

"...बघतेय."

"बघा. तुमचं निघालं की बाईंचा पाय थांबायचा. तीस वर्षं बघितलं मी. धाकट्या ताईंचं बोलायच्या, माझ्यावर ओरडायच्या, गिऱ्हाइकाशी भांडायच्या, मशीन आपलं चालू. आणि खडखड थांबली की आम्ही फळीवरच्या एकमेकींकडे बघायचो – आलं, आता थोरलीचं आलं. तेवढा वेळ काम बंद. घाईची ऑर्डर असली की माझ्या तर पोटात गोळा यायचा, खोटं कशाला सांगू? हेवा पण वाटायचा तुमचा."

"माझा?"

"मग काय! माझ्यासाठी कधी पाय थांबला नाही."

तिनं फोन ठेवला. कान गरम झाले होते. त्या बाईला हेवा वाटायचा, माझा! वीस-पंचवीस वर्षं मी ज्या फळीवरच्या जागेसाठी... आई तिला मोठी कात्री धरू द्यायची. मी एकदा धरली, अकरा वर्षांची असेन, तर आईनं ती माझ्या हातातून सोडवून घेतली, एकेक बोट उचलून, आणि म्हणाली, हे हात यासाठी नाहीत. कशासाठी आहेत ते सांगितलंच नाही. किंवा सांगितलं असेल, मला 'नाहीत' तेवढंच ऐकू आलं. त्या शब्दानंतर मी जिना चढून वर गेले होते, आणि वरचं दार आतून लावून घेतलं होतं, आणि आई बाहेरून दोनदा हाक मारून गेली होती – दोनदाच, मी मोजत होते. तिसरी आली असती तर उघडणार होते.

तिनं कॉम्प्युटरची ती पाटी उघडली जिथे कुठल्या प्रोग्रॅमला बाहेरच्यांशी बोलायची मुभा आहे आणि कुठल्याला नाही याची यादी असते. वाचता येतं मला. ओळीमागून ओळ, बोट पडद्याला टेकवून, औषधाचा कागद वाचावा तशी. आणि तिथे तो होता, बहिणीनं सुचवलेला प्रोग्रॅम, त्याच्यापुढे फुली. शेजारी तारीख, वेळ. सकाळचे दहा वाजून बारा मिनिटं. तिनं तो पहिल्यांदा बसवला त्याच दिवशीची, त्याच घटकेची.

आठवलं. चौकट आली होती – 'इतरांना या कॉम्प्युटरपर्यंत पोचू द्यायचं का?' – आणि तिनं ती नीट वाचली होती, दोनदा. काजवालीसारखी न वाचता पुढे गेली असती तर गोष्ट वेगळी. इतरांना म्हणजे कुणाला? माझ्याकडे एकदा आई आली की ती पुन्हा त्यांनाच द्यायची? आहे की त्यांच्याकडे. माझ्याकडची माझी राहू दे. नको. तिनं 'नको' दाबलं होतं. आणि मग तीन दिवस बहिणीच्या बिल्डिंगला, राउटरला, वायरीला, काजवालीच्या नणंदेला सुद्धा दोष देत...

"शाबास," ती मोठ्यानं म्हणाली. रिकाम्या खोलीत ते चांगलंच ऐकू आलं.

फुली काढायला एक टिचकी पुरली. त्रिकोण तसाच राहिला, चार सेकंद, पाच, आणि मग तो तिथे नव्हताच. त्या जागी एक हिरवा ठिपका. खाली यादीत धाकटी उमटली, शेजारची चकती थांबली आणि पहिल्यांदाच तिथे आकडे पळू लागले. एकसष्ट पूर्णांक नऊ. त्रेसष्ट. धाकटीच्या घरून सरळ इथे, मध्ये कुणी नाही.

सत्तरच्या पुढे यादीत आणखी एक ओळ आली. परकं नाव, नऊ टक्के. आणि बाण उलटा – हा देत नव्हता, घेत होता. तिच्याकडून. तिच्या सत्तरातलं.

'हे नऊवालं कोण?' तिनं धाकटीला मेसेज टाकला.

'रफूवाला गं. आईकडे चार महिने शिकायला होता तो. त्याचंही बंद आहे, काजवालीची वाट बघत होता बिचारा. तुझं उघडलं वाटतं!!'

चार महिने! चार महिने शिकलेल्या रफूवाल्याला आई हवी. तिचा हात आपोआप त्या पाटीकडे गेला, बाण फुलीच्या रिकाम्या जागेवर जाऊन थांबला. एक टिचकी. पण तसं केलं तर तिचंही येणं थांबणार, हे आता तिला ठाऊक होतं. आणि शंभर झाल्यावर करू, असाही एक विचार येऊन गेला, तो तिनं ओळखला, कारण तो तिचाच होता, जुना. नऊचे अकरा झाले. अकराचे चौदा. कुठल्या दिवसातली, कुठल्या नंबरची आई चालली होती कोण जाणे. पंख्याला मेल्या म्हणणारी असेल. तिनं माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्या हातानं धरून ठेवावा लागला थोडा वेळ.

खोकल्याचा कागद तिनं मध्येच पुरा केला. एक चूक सापडली, मात्रेची.

साडेबाराला आकडा शंभर झाला. तिनं सत्तावीस उघडलं. त्या वाक्यावर सरळ जाता आलं असतं. ती अर्धा मिनिट मागे गेली. आई मशीनवर. हिला काय, कुठलंही कापड द्या, हिच्या हाताला कळतं. खडखड, खडखड, मागे पंखा. हे तिनं वीसदा ऐकलं होतं आणि वीसही वेळा शब्दांची वाट बघत ऐकलं होतं. आता डोळे मिटले. खडखड मंद झाली, दोन टाके, एक टाका... आणि थांबली. खडखड थांबते तिथेही आवाजाचा तुकडा आलेला नाही, असंच ती आजवर समजत होती. पण ही जागा आलेली होती. पहिल्या दिवसापासून होती तिच्याकडे. पंख्याची खरखर आहे, बाहेर कुणाची तरी सायकल जातेय, कुणीतरी काज करता करता दोरा दातानं तोडलेला ऐकू येतोय, आणि आईचा पाय थांबलाय.

तिनं तिथे बोट दाबून चित्र थांबवलं. आईचं तोंड उघडायच्या बेतात होतं. पडद्याच्या कोपऱ्यात रफूवाला बावीसवर आला होता. तिनं थोडं मागे नेलं, पुन्हा लावलं – खडखड, दोन टाके, एक टाका – आणि पुन्हा तिथेच थांबवलं.