चिंध्या बांधलेल्या शेंगा

घरी पाहुणे येणार म्हटलं की आपल्याला सगळ्यात आधी अंगण घाण दिसायला लागतं. वर्षभर त्याच अंगणातली भाजी खाल्ली, त्याच झाडाखाली खाट टाकून झोपलो, तेव्हा घाण नव्हतं. पाहुणे येणार कळलं की पाला कचरा होतो, वेल जंगल होतो. तुमच्याही घरी हेच होतं. नाही म्हणू नका!

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, त्यांच्या एका वसाहतीत प्रविणचं घर आहे. प्लॉट मिळाला तेव्हा तिथं नुसता मुरूम होता. कुदळ मारली की ठिणगी उडायची. प्रविणच्या आईनं, शकुंतलाबाईनं, आठ वर्षं त्या मुरमावर पाला टाकला, शेण टाकलं, गिरणीतला कोंडा टाकला, भांडी घासलेलं पाणी वळवलं. आठ वर्षांत घरामागच्या वाडीत वीतभर माती झाली. ती माती कोणी सरकारी गाडीतून आणून टाकली नव्हती. एका बाईनं केली होती.

त्या मातीत ती बुडालेल्या गावाहून पदराला बांधून आणलेला वाल लावायची. काळ्या काठाची, दोन बोटं रुंद शेंग. दरवर्षी थंडी सरताना त्यातल्या भरदार शेंगा ती बियाण्याला ठेवायची आणि त्यांच्या देठांना जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या बांधायची. चिंधीची शेंग कोणी तोडायची नाही, असा घरचा कायदा होता.

त्या वर्षी माघात तिची मुलगी डिंपल तुमसरला बाळंत झाली. शकुंतलाबाई निघाली. जाताना पोराला म्हणाली, "पंधरा दिसात येतो मी. चिंध्याइले हात नको लावजो. अजून हिरव्या आहेत."

"हो ना माय, किती डाव सांगतं!"

ती गेली आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला, प्रविणसाठी पाहिलेल्या मुलीकडचे लोक घर पाहायला येणार. प्रविण मागं जाऊन उभा राहिला. पिवळा पाला, माजलेलं गवत, मांडवभर वेल आणि त्यावर लटकणाऱ्या चिंध्या. त्याला लाज वाटली. पाहुणे काय म्हणतील, भिकाऱ्याचं घर आहे का?

धानाच्या बांधावर मारायच्या तणनाशकाचा अर्धा डबा घरात होताच. त्यानं पंप पाठीला लावला.

कुंपणापलीकडून जागेश्वर ओरडला. त्याच बुडालेल्या गावचा, सत्तरीचा म्हातारा. "काय गा प्रविण, काय मारून राहिला?"

"गवत मारून राहिलो, काका. साफ करतो."

"गवत हातानं उपड अन तिथंच सुकू दे. हे औषध वेलाले ओळखत नाई बापू, जे हिरवं दिसन ते मारते!"

"मरू द्या. वालाचं पाकीट भंडाऱ्याले भेटते."

"हा वाल भेटते का? अन पाला कायले गोळा केला?"

"जाळतो."

"अबे, जाळू नको! झाडाच्या बुडाशी टाक, वरून पाणी मार. उनाळ्यात ओल राहाते, पावसाळ्यात खत होते. तुह्या मायनं काय वरून माती आणली का? हाच पाला कुजवला तिनं. पाहुण्याले अंगण चांगलं दाखवाचं आहे ना? मंग वेल मांडवावर नीट चढव, आळे कोरून घे, वाट झाडून शेणानं सारव. अर्ध्या दिसाचं काम आहे. मी येतो हाताले."

"काका, तुमचा जमाना गेला. आता लोक सिमेंटचे गट्टू लावते आंगणात, गट्टू!"

जागेश्वर कुंपणाला धरून उभा राहिला. "लाव मंग. गट्टूची भाजी करजो!"

प्रविणनं पंप मारला. आठवड्यात सगळं पिवळं पडलं. त्यानं वेल ओढला, पाल्याचा ढीग केला, चिंध्यांसकट काडी लावली.

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी शकुंतलाबाई परतली. थैली हातातच होती, तशीच ती मागं गेली.  राखेत बसली आणि बोटांनी चाळू लागली. अंधार पडेपर्यंत चाळत होती. करपलेल्या शेंगांतून नऊ दाणे निघाले. सुरकुतलेले, अर्धे भाजलेले. ते तिनं पदराला बांधले.

"माय, पाकीट आणून देतो ना मी," प्रविण म्हणाला.

"गाव बुडलं तवा सरकारनं बी हेच म्हनलं होतं," ती म्हणाली. "दुसरं देतो."

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील भैयाजी आले. चहा झाला, पोहे झाले. मग हात धुवायला म्हणून ते वाडीत गेले आणि खूश झाले. "वा जवाई, आंगण असं पायजे! आमच्या कीर्तीची माय, लई जंगल करून ठेवलं तिनं. हा वेल, तो वेल, चिंध्या काय बांधते, गाडगे काय टांगते. कोणती दवाई मारली? नाव सांगा, उद्याच आणतो."

तो शब्द प्रविणच्या कानात शिसं ओतल्यासारखा गेला. चिंध्या! म्हणजे अजून एका घरी कोणी बाई चिंध्या बांधते आहे. अजून एक वाडी शिल्लक आहे, आणि आपल्या तोंडून निघणाऱ्या एका नावानं ती उद्या जळणार आहे!

"नका मारू, मामाजी!" तो जवळजवळ किंचाळला. "मी चुकलो. मायच्या आठ वर्षांची माती मारली मी. तुमी नका मारू!"

भैयाजी हसले. पाठ थोपटली. "नाव सांगाचं नाई तं नका सांगू. दुकानदार सांगन."

आणि दुकानदारानं सांगितलंच. लग्न ठरलं, तोवर भैयाजींची वाडीही साफ झाली होती. वैशाखात कीर्ती सून होऊन आली तेव्हा सासूला म्हणाली, "मायकडचं बियाणं आणणार होती जी मी. बाबानं काईच नाई ठेवलं."

जागेश्वरकडे तो वाल उरला नव्हता, म्हणून प्रविण उन्हाळाभर फटफटीवर फिरला. बुडालेल्या गावाचे लोक ज्या ज्या वसाहतीत गेले होते, तिथं दार वाजवून विचारलं, काळ्या काठाचा वाल आहे का? "होता गा, आमची बुढी लावे." "होता, पण आता तिथं गट्टू लावले." एकीनं बरणी उघडून दाखवली. आत भुंगा आणि पीठ.

मृगात शकुंतलाबाईनं ते नऊ दाणे टोकले. प्रविणनं स्वतः आळी केली, पाला पसरला, शेण घातलं. कीर्ती रोज भांड्यांचं पाणी घालायची. आठ दिवस झाले. पंधरा झाले. जागेश्वर रोज कुंपणापाशी यायचा, पाहायचा, परत जायचा.

एकही दाणा उगवला नाही.

तरी प्रविण आता पाला जाळत नाही, पंप घरात ठेवत नाही. माती होईल परत, आठ-दहा वर्षांत. वाल होणार नाही.

वाचकांनो, मी गोड बोलणार नाही. अंगण सुंदर करायचं तर पाला कुजवा, गवत हातानं काढा, विषाचा डबा घरात आणू नका, आणि आपलं बियाणं निदान चार घरांत वाटून ठेवा. एका घरात ठेवलेलं बी एका काडीनं संपतं. प्रविणला शहाणपण आलं, पण बी गेल्यावर आलं. तुमच्या वाडीत आज एखादी चिंधी लटकत असेल, तर आत्ता उठा आणि ती कोणी बांधली ते विचारा.

शकुंतलाबाई अजून दर माघात एक लाल चिंधी फाडते. बांधायला काही नसतं. मग मांडवाच्या रिकाम्या बांबूला बांधते आणि घरात जाते.