माळ्यावरचा कॅन

काष्टीजवळच्या वस्तीवर आसाराम, डुकराची अकरा पिल्लं आणि एक मोठं डुक्कर, एवढाच आता संसार. बायको भीमाबाई जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून हा गडी डुकरांशीच बोलतो, आणि ती बापडी ऐकूनही घेतात.

त्या आठवड्यात मात्र त्याचे पाय जमिनीवर नव्हते. पुण्याहून मुलगी सुकन्या जेवायला येणार होती, आईचं दिवसकार्य उरकून गेली त्यानंतर पहिल्यांदाच. तिला घर परकं वाटू नये, तिनं पुन्हा यावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून मोठं डुक्कर तिच्यासाठी राखलं आणि ते अंगानं भरावं यासाठी त्याच्या खाण्याच्या भरड्यात माशाचं तेल सढळ हातानं ओतलं, अगदी कापायच्या आदल्या दिवसापर्यंत.

भीमाबाईचं तसं नव्हतं. डुक्कर कापायला दीड महिना उरला की ती तेलाचा कॅन माळ्यावर चढवायची. आसाराम तिला चिक्कू म्हणायचा. "तुमास्नी न्हाई कळायचं," ती म्हणायची. दोघंही हट्टी. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

कालवण शिजताना त्याला मासळीचा वास आला. पण तो वास महिनाभर त्याच्या हातालाच होता.

सुकन्या पहिल्या घासाला जरा थांबली.

"कसं झालंय?"

"लई ब्येस, अप्पा. वाढा अजून."

दोनदा मागून खाल्लं तिनं. बाप बघतच राहिला, जेवायचंही विसरला. चारच्या एसटीनं ती गेली आणि घर पुन्हा गप्प झालं.

मग त्यानं ताट वाढून घेतलं. तोंडात शिळ्या मासळीची चव आली. चरबी तर बोटानं दाबताच खचत होती. सगळं तेल मांसात उतरलं होतं. भीमाबाईचं शहाणपण इतक्या वर्षांनी कळलं, आणि तिला तसं सांगायची सोय उरली नव्हती. त्याला रडू आलं. आता लेक कशाला येतेय परत?

त्यानं फोन लावला. "कालवणाला वास हुता गं."

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"पुढच्या बारीला यायच्या दीड महिना आधी फोन करते, अप्पा. तवा तेल बंद करायचं. आई करायची तसं."

शेडमधली पिल्लं जेमतेम दोन महिन्यांची होती. त्यांना अजून बरेच दिवस तेल चाललं असतं. तरी आसारामनं शिडी लावली आणि कॅन माळ्यावर ठेवून आला.