शून्यावर आणलेला धागा

मित्रांनो, पेन समजून मला खिशाला लावाल तर फसाल! मी एक जुना किरणमापक आहे. मला डोळ्याशी धरून उजेडाकडे पाहिलं, की आत केसाहून बारीक धागा दिसतो. अणूचे न दिसणारे किरण अंगावरून गेले, की तो शून्यापासून पुढे सरकायचा; जितका पुढे, तितका माणसाला धोका. मला दुसरी भाषा येत नाही.

तरुणपणी मी दूरच्या निळ्या समुद्रात, एका बोटीवर होतो. तिथे बेटांवर अणुबॉम्ब फोडून पाहत. माझा खलाशी हसरा पोरगा होता. स्फोटानंतर आभाळ गुलाबी झालं आणि पांढरी राख भुरभुरत खाली आली. त्याने ती तळहातावर झेलली. माझा धागा पार टोकाला गेला. तपासणाऱ्या साहेबाने आत पाहिलं आणि मला शून्यावर आणून ठेवलं. "काही नाही, जा," म्हणाला. पोरगा शीळ घालत गेला. ती शीळ मला अजून ऐकू येते आणि फार वाईट वाटतं.

मग किती पेट्यांत झोपलो, कोण जाणे. जाग आली ती सौदीतल्या दम्मामच्या जुन्या बाजारात. रत्नागिरीकडच्या वहाबमामूंनी मला पेटीसकट घेतलं. तेलाच्या पाइपांचे जोड किरणांनी तपासतात, तिथली सुरक्षा मामूंकडे आहे. आता माझा धागा हलत नाही. मी त्यांच्या टेबलावर उन्हात पडून समुद्राची स्वप्नं पाहतो.

परवा त्यांचा भाचा इमाद आला; त्याची बायको सुहाना अजून गावीच आहे. जोड तपासता तपासता त्याच्या मापकाचा धागा मर्यादेपलीकडे गेला होता, म्हणजे आता साइटवर बंदी.

"मामू, झिरो करून टाका ना. साइट गेली तर ज्याच्या व्हिसावर आलो तो कफील फॅमिली व्हिसाचं नाव काढणार नाही. सुहानाला कसं आणू? दाबा बटण, खलास!"

"इथे खलास म्हणजे झालं काम," मामू म्हणाले. "आपल्या गावात खलास म्हणजे काय रे?"

मामूंनी मला त्याच्या हातात दिलं. "हा बॉम्बच्या चाचण्यांतला. पेटीवर लिहिलंय. ह्याला झिरो केलं असेल. ज्याच्या खिशाला होता, त्याच्या अंगातलं कोण झिरो करणार?"

इमादने मला उजेडाकडे धरलं. त्याचा डोळा माझ्या इतका जवळ आला, की पापणी थरथरताना दिसली.

"साइटवरून माझं नाव काढा, मामू," तो हळूच म्हणाला. "सुहानाला मी सांगतो."

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, चालेल. पण कुणाचा धागा सरकलेला दिसला, तर त्याला सांगा. माझ्या खलाशाला कुणीच सांगितलं नाही.