उंबराच्या विहिरीशेजारचा मंडप

मित्रांनो, मी एक जुना दगडी मंडप आहे. अंधेरीत, गावठाणाला लागून, चार भिंतींच्या बागेत उभा आहे. इथे पूर्वी एका शेठचा बंगला होता. संध्याकाळी वाऱ्याला बसायला म्हणून त्याने मालाडच्या पिवळ्या दगडात मला बांधून घेतलं. पुढे बंगला पाडून सोसायटी झाली. बाग आणि मी तेवढे उरलो. आता माझ्यात मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या कुंड्या ठेवतात. ठेवा बापडे!

माझ्या शेजारी विहीर होती, तिच्यावर उंबर. गावठाणातल्या ख्रिस्ती घरात लग्न निघालं की आदल्या दिवशी बायका वाजतगाजत यायच्या आणि नवरीच्या अंघोळीला ह्या विहिरीचं, म्हणजे 'उंबराचं पाणी' न्यायच्या. भरलेली कळशी आधी माझ्या पायरीवर टेकवायची, गाणी म्हणायची, मग निघायचं. त्या गेल्या तरी पायरीवर कळशीच्या बुडाचा ओला गोल राहायचा. तो वाळेपर्यंत मी खुशीत असायचो.

यंदा गावठाणातल्या ज्युलियाच्या मुलीचं, निकोलचं लग्न ठरलं. ज्युलिया सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, श्यामकांतकडे आली.

"शनिवारी आम्ही बँड घेऊन बागेत येऊ. चालेल ना रे?"

"विचारता काय, आंटी! एकदम झकास करू!"

माणूस मनाने चांगला हो. त्याने मला धुऊन काढलं, दिव्यांच्या माळा लावल्या. मी हरखलो. मग सिमेंट आलं, ते थेट विहिरीच्या काठाशी. ओरडणार कसा? दगडाला तोंड कुठे असतं!

शनिवारी ज्युलिया लाल लुगडं नेसून, कळशी घेऊन सगळ्यांच्या पुढे आली. विहिरीच्या जागी गुळगुळीत ओटा होता.

"बघा आंटी, नाचायला जागा केली! विहीर तशीही कोण वापरतं?"

बँड थांबला.

"अरे, आम्ही पाण्यालाच येतो रे," ज्युलिया म्हणाली. "माझी आई ह्याच पाण्याने न्हाली. मीपण."

"तुम्ही बोलला नाहीत ना, आंटी..." श्यामकांतचा चेहरा उतरला. तो धावत जाऊन नळाचा पाइप घेऊन आला. ज्युलियाने हाताने पाइप बाजूला सारला. मग सवयीने तिने रिकामी कळशी माझ्या पायरीवर टेकवली. गाणं कुणी म्हटलं नाही. थोड्या वेळाने सगळे आले तसे परत गेले.

मित्रांनो, मला माळा नकोत. जुनी जागा झाकायच्या आधी तिथे माणसं कशाला येतात, एवढं तरी विचारत जा. माझे दिवे अजून लागतात. पायरी मात्र कोरडी आहे.