मेलेल्यांशी लढणारा हात

टिंग. एवढाच आवाज झाला आणि दुपारची सामसूम मोडली. जोहराच्या बोटावरून निसटून मी फरशीवर पडलो आणि गडगडत शिलाई मशीनखाली गेलो. तिनं मला उचललं नाही. ती आपल्या हाताकडं बघत बसली.

मित्रांनो, मी एक जुना अंगुश्ताना आहे. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती पितळी टोपी. जोहराच्या आईनं मला शहागंजच्या बाजारात घेतलं आणि लेकीच्या लग्नात शिवणाच्या डब्यातून फुलंब्रीहून इथं पाठवलं. रजया, शेरवान्यांची काजं, जोहराच्या छोट्या लाइबाची झबली शिवता शिवता माझ्या अंगावर सुईचे खळगे पडले. बायका जोहराच्या टाक्याची तारीफ करत, तेव्हा त्यातली अर्धी मी आपलीच समजे.

तीन वर्षांपूर्वी तिच्या हातावर बधिर चट्टे आले. कुष्ठरोग. वर्षभर तिनं गोळ्या घेतल्या. त्या गोळ्यांनी चेहरा काळवंडला, मी डब्यात पडून राहिलो. मग ती बरी झाली. गोळ्यांचं एक पाकीट मात्र उरलं. हरवलं म्हणून दवाखान्यातून दुसरं आणलं होतं, नंतर पहिलं सापडलं. ते तिनं परत केलं नाही. तावीज ठेवावा तसं डब्यातल्या रिळांखाली ठेवलं.

आणि आता तेच जुने चट्टे लाल झाले, सुजले, तापले. बोट इतकं फुगलं की मी चढेना. जोहराला वाटलं, ते परत आलं. नावसुद्धा घेतलं नाही तिनं. नवऱ्याला, गयासला, गांधीलमाशी चावली म्हणून सांगितलं. स्वतःचं ताट वेगळं केलं. लाइबाचं अंथरूण लांब सरकवलं, तिची वेणी घालणं सोडलं, आणि रिळांखालच्या पाकिटातली गोळी रोज घ्यायला लागली. तिघांच्या त्या घरात कुणी चौथं राहायला आल्यासारखं झालं. त्याच्या वाटेतून ती सारखी बाजूला व्हायची.

आठव्या दिवशी तिच्या हातून चहाचा कप सुटला.

"ही गांधीलमाशी लई दिवस चावायली गं," गयास म्हणाला. "चल, रूपाताईकडं."

रूपाताई कुष्ठरोगाच्या दवाखान्यातल्या. पाकीट दाखवायचं म्हणून जोहरानं डबाच पिशवीत घातला. कपाचे तुकडे झाडताना गयासनं मला मशीनखालून काढून त्यात टाकलं होतं, त्यामुळं मीही गेलो. रूपाताईंनी पाकीट बघितलं, मग जोहराकडं. किती दिवस झाले, दुखतं का, असं विचारत अंगभर चट्टे तपासले. डोळे मिटायला लावून पेनाचं टोक तळहाताला टेकवलं. करंगळीखाली जोहराला काही कळलंच नाही. कोपराजवळची नस दाबली, तशी ती कळवळली.

"नवा चट्टा एकबी नाय," रूपाताई म्हणाल्या. "जुनेच पेटलेत, तेबी आठवड्यात. रोग परत आला तर गुपचूप येतो बाई, सावकाश, वर्षांनी. असा दुखत नाय. ही रिअ‍ॅक्शन आहे."

डॉक्टरांनी कातडीचा नमुना तपासला आणि तेच सांगितलं. जंतू कधीच मेलेत. त्यांची मढी अंगात राहिलीत आणि शरीर अजून त्यांच्याशी लढतंय. त्या लढाईत नस चिरडते. जुन्या गोळ्यांनी ही लढाई थांबत नाही. सूज उतरवणारं औषध पहिल्याच दिवशी हवं होतं.

जोहरानं एकच विचारलं, "लाइबाला जवळ घेऊ?"

"आठ दिवस घेतलं नाहीस?" रूपाताई म्हणाल्या. "घरी गेलीस की आधी जवळ घे तिला."

आता महिना झाला. सूज उतरली, मी पुन्हा बोटात बसतो. पण करंगळी आणि शेजारचं बोट वाकलेलीच आहेत. ताकद येईल, कदाचित नाहीही. औषध चालू आहे, वचन कुणी देत नाही. मित्रांनो, मला घासून चकचकीत ठेवा असं मी म्हणत नाही. आठ दिवस मशीनखाली पडून माझं काही बिघडलं नाही. नसेचं बिघडतं. हात तापला, दुखला, तर भीतीनं झाकू नका. त्याच दिवशी दाखवा.

काल लाइबा आईच्या मांडीत बसली होती. जोहरा तिची वेणी घालत होती, तीन बोटांनी, आणि मेलेल्या जंतूंची गोष्ट सांगत होती. लाइबानं मागं हात नेऊन ती वाकडी करंगळी मुठीत धरली.

"अम्मी, ते मेलेत हे तुझ्या हाताला कोण सांगणार?"