यादीत नसलेला माणूस

बावीस वर्षे गादीवर बसलेल्या गांबियाच्या अध्यक्षांनी निवडणुकीतला पराभव मान्य केला, ही बातमी केबा सान्यांगला कळली तेव्हा तो अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या एका नर्सिंग होममध्ये शोभना मेश्राम यांच्या पायांत लोकरीचे मोजे चढवीत होता. एक चढला होता, दुसरा हातात होता. खिशातला फोन थरथरला, त्याने तो पाहिला आणि मोजा हातात धरून तसाच बसून राहिला. खिडकीबाहेर डिसेंबरचे राखाडी आभाळ पार्किंगवर टेकल्यासारखे उतरले होते.

"काय झालं रे? कोण गेलं?" शोभनाकाकूंनी विचारले.

"गेला नाही अजून. हरला."

काकू मूळच्या भंडाऱ्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. मुलाकडे आल्या आणि जिन्यावरून पडून खुबा मोडून घेतला, म्हणून इथे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या 'जय भीम' म्हणत आणि केबाही तितक्याच गंभीरपणे 'जय भीम' म्हणून उत्तर देई. बोलणे इंग्रजीत चाले. राग किंवा माया अनावर झाली की काकू मराठीत शिरत, आणि त्यातले त्याला बहुधा सगळे कळे.

"हरवला कसा? मशीन होतं का शिक्के?"

"गोट्या. काचेच्या," केबा म्हणाला. "प्रत्येक उमेदवाराच्या रंगाचं पिंप असतं. आपल्याला हवं त्यात गोटी टाकायची. आत घंटा वाजते. म्हणून मतदान केंद्राजवळ सायकली आणू देत नाहीत."

"का बरं?"

"त्यांचीही घंटी वाजते ना."

काकू इतक्या हसल्या की खुबा धरून बसल्या. "आणि आम्ही मेलं ते मशीन लेकरासारखं पोटाशी धरून रात्र काढायचो शाळेच्या ओट्यावर! मग आता तू घरी जाणार. चांगलं झालं, बाबा."

केबाने दुसरा मोजा चढवला. तो उलटा गेला हे दोघांच्याही लक्षात आले, पण तो तसाच राहिला.

दुपारी आईचा फोन आला. केबाच्या जमातीची, मांडिंका माणसे एकमेकांची विचारपूस करतात ती घाईची नसते. घर कसे आहे, घरातली माणसे कशी आहेत, काम कसे आहे, थंडी कशी आहे. आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असते: केवळ शांतता. घर जळत असले तरी आधी केवळ शांतता, मग आग. परदेशातली नऊ वर्षे या रीतीने केबाला सांभाळले होते. ज्याला खरे बोलण्याचे धैर्य नाही, त्याच्यासाठी पूर्वजांनी केवढी सोय करून ठेवली होती!

विचारपूस संपली आणि आई म्हणाली, "आता ये. गावात सगळे विचारतात, आमचा केबा कधी येतो. पोरं म्हणतात, त्या माणसाला हरवण्यात आपल्या केबाचाही वाटा आहे."

"माझा काय वाटा, आई?"

"तू परदेशात राहून सोसलंस ना. आणि ऐक, लोक म्हणतात आता पोलिसांच्या फायली उघडणार. कुणाकुणाला धरायचं होतं त्या याद्या. मी स्वतः जाणार आहे राजधानीत. तुझं नाव माझ्या डोळ्यांनी वाचणार आहे. मला वाचता येत नाही, पण तेवढं येईल."

केबाने फोन ठेवला. त्या आठवड्यात त्याच्या देशातली कितीतरी माणसे आपले नाव एखाद्या यादीत निघेल की काय, या विचाराने आजवर जागवलेल्या रात्री आठवीत असतील. आपले नाव यादीत नसेल या भीतीने घाम फुटलेला मनुष्य मात्र तो एकटाच असावा.

कारण त्याच्यामागे कधी कुणी लागले नव्हते. सरकारविरुद्ध त्याने आयुष्यात एकच गोष्ट केली होती: कॉलेजच्या वसतिगृहात पाणी येत नाही, असा अर्ज. त्यावर सही दुसऱ्याची होती. तो अमेरिकेत आला तो शिकायला. शिक्षण अर्धे राहिले, पुढे लॉटरीत ग्रीन कार्ड लागले, आणि चार वर्षांपूर्वी या कामावर लागून अकरा दिवस झाले असताना वडील वारले. दफन त्याच दिवशी उरकले. पण चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तो सहज पोचला असता. त्यासाठी ऑफिसचे दार उघडून सुपरवायझरकडे सुट्टी मागायला हवी होती. तीनदा तो त्या दारापर्यंत गेला. तीनदा आतून कुणाचे तरी बोलणे ऐकू आले आणि तो परत फिरला. चौथ्या दिवशी त्याने आईला सांगितले, "मला येता येणार नाही. विमानतळावरच धरतील."

आईने ते ऐकून घेतले आणि शोकातसुद्धा तिचा आवाज ताठ झाला. मुलगा भेकड असण्यापेक्षा सरकार क्रूर असणे तिला केव्हाही परवडणारे होते. सरकारनेही क्रूर राहून त्याला चार वर्षे चोख साथ दिली.

निकालानंतर आठवड्याने अध्यक्षांनी शब्द फिरवला. निकाल आपल्याला मान्य नाही, असे त्यांनी टीव्हीवरून जाहीर केले. त्या दिवशी केबाने काकूंचे केस विंचरून दिले, उशीचे अभ्रे बदलले आणि शीळ घातली.

"थांब," काकू म्हणाल्या. "सकाळी नातवानं दाखवलं मला फोनवर. तुझा तो माणूस खुर्चीला चिकटून बसलाय. आणि तू शीळ घालतोस?"

केबा थांबला. हातातला कंगवा त्याने एकदा पुसला, दुसऱ्यांदा पुसला. मग स्वतःच्याच बुटांकडे पाहत त्याने सगळे सांगितले. अर्ज, अकरा दिवस, दार.

"माणसं हुकूमशहापासून लपतात हे ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "त्याच्या आड लपलेला मी पहिल्यांदा पाहिला. मूर्खा, तो आज ना उद्या जाईलच. मग?"

"मग सांगेन."

"म्हणजे आधी देश मोकळा होऊ दे, मग तू. वा रे वा!"

जानेवारीच्या एकविसाव्या दिवशी अध्यक्ष खरोखरच विमानात बसले आणि देश सोडून गेले. शेजारच्या वूस्टर शहरातल्या ओळखीच्या गांबियन घरांतून ढोल वाजत होते, फोनवर फोन येत होते. केबा मात्र अंगात कोट चढवून इमारतीच्या मागे, जिथे मीठ टाकून बर्फ वितळवलेले असे, तिथे उभा राहिला. त्याने आईला फोन लावला. घर कसे आहे, माणसे कशी आहेत. केवळ शांतता. आज ते खरेही होते.

"आई, ऐक. मला कुणी शोधत नव्हतं. कधीच नाही. यादीत माझं नाव निघणार नाही. बाबा गेले तेव्हा मी येऊ शकत होतो. मला सुट्टी मागायची भीती वाटली, एवढंच."

आई अगदी हलक्या आवाजात, फोन तोंडाशी धरून बोलली.

"कळलं मला."

"काय कळलं?"

"तू बरोबर बोललास. फोनवर असंच बोलावं. तो गेला, पण त्याची माणसं आहेत अजून इथे. कान असतात. मी कुणाला काही सांगणार नाही."

"आई, खरंच सांगतोय."

"हो, हो. तुला कुणी शोधत नव्हतं," आई मोठ्याने, जणू तिसऱ्या कुणाला ऐकू जावे म्हणून म्हणाली, आणि पुन्हा कुजबुजली, "शहाणा आहेस. बापासारखाच." फोन बंद झाला.

आयुष्यात एकदाच धीर केला आणि तो फुकट गेला. हे सत्य फोनवरून जाणार नव्हते. ते आता विमानातून न्यायचे होते. आईसमोर, गावासमोर, वडिलांच्या कबरीसमोर बसून सांगायचे होते. आणि तिथवर जाण्याच्या वाटेवर मध्ये एक दार होते.

दाराआड सुपरवायझर मंजुषा देवधर फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या. केबाने दार वाजवले. बोलणे चालूच राहिले. त्याने पुन्हा वाजवले, या वेळी जोरात.

"येस, केबा? एक मिनिट हं." त्यांनी फोन बाजूला ठेवला. "काय रे, सगळं ठीक?"

"मला तीन आठवडे सुट्टी हवी आहे. वडील वारले."

"अरे देवा! आय अॅम सो सॉरी." मंजुषा उठून उभ्याच राहिल्या. "कधी?"

"चार वर्षं झाली."

त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. तो नजर न चुकवता उभा होता. मंजुषांनी सावकाश खुर्चीत बसून स्क्रीनवर फॉर्म उघडला.

"बीरीव्हमेंटमध्ये, म्हणजे दुखवट्याच्या रजेत, तसे तीनच दिवस मिळतात," त्या म्हणाल्या. "आणि इतक्या उशिरा ते सिस्टम घेणार नाही. व्हेकेशन म्हणून टाकते. चालेल?"

"चालेल," केबा म्हणाला.