दुपारचे मार्क

दोन हजार आठ साली शहरातल्या मोठ्या कॉलेजची प्रवेश परीक्षा पहिल्यांदाच कागदावरून संगणकावर गेली. त्या वर्षीच्या एका संध्याकाळी बाबा, घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला तसंच ठेवून, पडद्यावरची, सराव परीक्षांच्या मार्कांची वर चढत गेलेली रेघ न्याहाळत होते.

"ब्याऐंशी! अगं, ऐकलंस का? धाकटीला शंभरात ब्याऐंशी!"

धाकटी नुकतीच क्लासहून येऊन दारात चपला काढत होती. एक चप्पल पायातच राहिली. ती सराव परीक्षा तिने दिलेलीच नव्हती. आदल्या संध्याकाळी एक दिली होती, तिच्यात एकसष्ट पडले होते. पडद्याच्या कोपऱ्यातले उरलेल्या वेळेचे आकडे उलटे पळायला लागले की तिचे हात गार पडायचे. "घड्याळजीची पोर आणि घड्याळाला भिते," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

"सोपा होता पेपर," धाकटी म्हणाली.

स्वयंपाकघरात भांडी विसळण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

पुढच्या आठवड्यात तिच्या खात्यावर आणखी दोन परीक्षा दिसल्या, दोन्ही दुपारच्या, दोन्ही ऐंशीच्या वर. एका दुपारी ती डोकं दुखतंय सांगून क्लासमधून लवकर आली. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. खुर्चीच्या अगदी कडेला, कोणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशी, वहिनी बसली होती. ओले हात टॉवेलला पुसून माउस धरायची, ओठ हलवत प्रश्न वाचायची, आणि उत्तर सापडलं की स्वतःशीच मान डोलवायची. कोपऱ्यातल्या आकड्यांकडे तिचं लक्षही नव्हतं.

वहिनी धाकटीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी. बारावी झाली आणि लगेच दादाशी लग्न झालं. आल्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ. धाकटीची वेणी तीच घालायची, धाकटीची गुपितं तिच्याच पोटात असायची, पासवर्डसकट.

धाकटी पावलं न वाजवता मागे फिरली आणि संध्याकाळपर्यंत दुकानात बाबांजवळ बसून राहिली.

त्यानंतर वहिनीची भाजी तिला खारट लागू लागली. वहिनीचं हसणं मोठं वाटू लागलं. वेणी ती स्वतःच घालू लागली, वाकडी आली तरी. बाबा गिऱ्हाइकांना मार्क सांगायचे, गिऱ्हाइकं कौतुक करायची, आणि धाकटी मान खाली घालून ते ऐकून घ्यायची. लोकांना ती लाजलीय असं वाटे. शेवटी एका सकाळी तिने पासवर्ड बदलला. वहिनीने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

रेघ खाली आली.

"काय गं, दम तुटला का?" जेवताना बाबांनी विचारलं. "ऐंशीवरून एकदम एकोणसाठ?"

"शेवटच्या महिन्यात होतं असं," दादा म्हणाला.

वहिनी पोळी वाढत होती. ती हळूच म्हणाली, "थकली असेल हो. किती अभ्यास करते ती."

तेवढं एक धाकटीला सहन झालं नाही.

"ते मार्क माझे नव्हतेच," ती म्हणाली. "हिचे होते. ही बसते रोज दुपारी, माझ्या नावावर. चोरून."

आणि ती आईच्या तोंडाकडे पाहू लागली. आता आभाळ कोसळणार होतं.

"दुपारी?" आई म्हणाली. "अन् मी समजत होते, ही झोपते."

बाबांनी ताट अर्धवट सोडून हात धुतला, भिंग डोळ्याला लावलं. "सूनबाई, या. बसा. माझ्यादेखत एक सोडवा."

"उघडत नाही, बाबा," वहिनी म्हणाली. "पासवर्ड बदललाय."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती उठली, खुर्चीशी वाकली, एकेक अक्षर दाबत गेली. वहिनीने तेवढा वेळ तोंड भिंतीकडे वळवलं होतं. मग खुर्चीवर बसता बसता ती पुटपुटली, "ब्याऐंशी पडले तेव्हा तू काही बोलली नाहीस ना. मला वाटलं, चालतंय तुला."

परीक्षा संपेपर्यंत कोणी खोलीतून हललं नाही. ताटं तशीच वाळत होती. शेवटी आकडा आला, पंच्याऐंशी. बाबांनी भिंग काढून खिशात ठेवलं.

"फॉर्मची मुदत कधी संपते?"

"परवा," दादा म्हणाला. "पण बाबा, घरचं कोण बघणार?"

"का रे?" आई म्हणाली. "तुला काय हात दिले नाहीत देवाने?"

नणंद-भावजय एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये परीक्षेला बसल्या. वहिनीचं नाव पहिल्या यादीत लागलं. आज ती त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दादा स्वयंपाक शिकला, आधी कुरकुरत आणि मग हौसेने. त्याच्या हाताला आपल्यापेक्षा चव आहे, असं वहिनीच सांगते. बाबांचं दुकान पुढे चाललं नाही. लोक मोबाइलमध्येच वेळ पाहू लागले. दुकान बंद झालं त्याच वर्षी ते गेले. धाकटीला त्या साली कुठेच प्रवेश मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात मिळाला. आता ती विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे.

आईची सत्तरी उलटली. पाहुणे आले की अजून सांगते, "नणंद असावी तर आमच्या धाकटीसारखी. स्वतःचे मार्क खोटे पडले तरी चालतील म्हणाली, पण भावजयीचं नाव पुढे केलं." वहिनी ते ऐकते आणि हसून मान डोलवते. धाकटी चहा टाकायला आत जाते.

धाकटीची मुलगी यंदा सहावीत गेली. गणित मामीकडेच शिकते. घरी येऊन वहीत डोकं घालत म्हणते, "आई, तू राहू दे. मामी असं नाही सांगत."

"मग मामीलाच विचार," धाकटी म्हणते, आणि घासलेली भांडी फळीवर लावत राहते, जरा जास्तच आवाज करत.